कॉलनीतली तीज

वडील गेल्यावर याडीला मी हिंगोलीत आणलं. आईला आम्ही बंजारा लोक याडी म्हणतो. सेनगावकडच्या आमच्या तांड्यात तिच्याशिवाय तिजेचं गाणं सुरू व्हायचं नाही. माझ्या दोन खोल्यांत मात्र ती दिवसभर टीव्हीकडे पाठ करून बसायची. श्रावण लागल्यावर एकदा म्हणाली, "औंदा तांड्यात तीज न्हाई. पोरीच न्हाईत. समदे पुण्याला गेले." मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी कामाला लागते.

आमच्या कॉलनीत बंजारा घरं बरीच, पण प्रत्येक बाई वेगळ्या तांड्याची. कुणी साखऱ्याकडची, कुणी पार औंढ्याची. दारोदार फिरून मी त्यांना गच्चीवर गोळा केलं. तीज हा आमच्या कुमारिकांचा सण. टोपल्यांत गहू पेरायचे, रोज गाणी म्हणत पाणी घालायचं आणि शेवटी उगवलेले अंकुर वाटायचे. चहा व्हायच्या आत बायका भांडू लागल्या. एकीच्या तांड्यात पाण्याचं गाणं एक, दुसरीच्या तांड्यात भलतंच. याडी कोपऱ्यातून कडाडली, "दोन्ही म्हणा की! पाणी काय एकदाच घालून राहिल्या?" तिचा तो आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

टोपल्या आल्या, वारुळाची माती आली, गहू भिजले. आणि तिथंच गाडं अडलं. पेरण्याआधी पोरींनी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात जाऊन परवानगी मागायची असते. त्याच्या हुकमाशिवाय तीज पेरत नाहीत. कॉलनीत नगरसेवक होता, नायक नव्हता. "पेरून टाका, कोण बघतंय?" मी म्हटलं. याडीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट कपबशा उचलल्या.

तिनं मला आमच्या तांड्याच्या नायकाला स्पीकरवर फोन लावायला सांगितला. तो भला माणूस, पण नियमाचा पक्का.

"वहिनी, तुमी तांडा सोडला. तिथल्या तिजेला मी परवानगी कशी देऊ?"

झालं, संपलं, असं मला वाटलं. याडीनं फोन तोंडाजवळ ओढला.

"काहून सोडला? आपले वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडले. मुक्काम पडल तिथं तांडा. नायक संगं चालायचा, व्हय का न्हाई? तुमी घरी बसून उंटावरून शेळ्या हाकून राहिले!"

पलीकडे नायक मोठ्यानं हसला.

"बराबर हाये. मंग या बायकांच्या संगं कोण चाललं, वहिनी? तुमीच ना? आता परवानगी बी तुमीच द्या."

दुसऱ्या सकाळी कॉलनीतल्या पोरी नटूनथटून आमच्या दारात आल्या आणि त्यांनी रीतसर परवानगी मागितली. याडीनं त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवलं. नायकही ठेवतात म्हणे. मग "पेरा" म्हणाली, आणि गाणं तिनंच उचललं. आमच्या गच्चीवर बघायला आलेल्या शेजाऱ्यांना मी उगाचच सांगत सुटले, ही माझी आई.

शेवटच्या दिवशी पहिले अंकुर नायकाच्या पागोट्यात खोवतात. सगळ्यांत धाकटी पोरगी ते घेऊन याडीसमोर उभी राहिली, पण तिचा हात याडीच्या डोक्यावरच्या पदरापर्यंत काही पोचेना.

"याडी, जरा वाक ना," मी म्हटलं.

"नायक वाकत न्हाई," ती म्हणाली. "लेकराला खुर्ची आण."

मी पळत जाऊन खुर्ची आणली.