भर दुपारी न फिरणारा भोंगा

माझा कागद साहेबांनीसुद्धा कधी परत केला नव्हता. तो पहिल्यांदा परत केला दगडूआबांनी, आणि तोही रिक्षातून न उतरता. मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. उन्हाळ्यात उष्णतेचा इशारा गावात पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं आणि भोंगा लावून फिरणारी रिक्षा गावात एकच, आबांची. साड्यांचा सेल, नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, सगळं गावाला आबाच सांगत.

मी लिहिलं होतं, 'उष्माघातापासून बचावाकरिता नागरिकांनी खबरदारी घ्यावी.' आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "भाऊसाहेब, हाई कोनले सांगनं शे? साहेबले का लोकेस्ले?" मग भोंग्यावर त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं: उद्या अकरा ते चार वावरात जाऊ नका, म्हाताऱ्यांना पत्र्याखाली ठेवू नका, तहान लागायची वाट बघू नका. मला राग आला. त्यात चूक काढता येईना म्हणून जास्तच आला.

आमच्याकडे उन्हाचाही अभिमान बाळगतात. इशारा आला की आज जळगाव जास्त तापलं की भुसावळ, यावर पानटपरीवर वाद रंगतो. आबा तिथे मुद्दाम रिक्षा थांबवून विचारत, "पहिला नंबर उना तर बक्षीस भेटस का?"

आमचं खरं भांडण झालं ते वेळेवरून. हवामान खात्याचा अंदाज दुपारी निघे, जिल्ह्याहून तो संध्याकाळपर्यंत आमच्याकडे येई आणि साहेबांची सही व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार होई. तेव्हा कागद घेऊन गेलो की आबा किल्लीला हात लावत नसत. "मना आवाज ऐकीसन लोके बाहेर येतस, कोन गया ते ऐकाले," ते म्हणत. "घरमा र्‍हा सांगाले तेस्ले उनमा बलावू का?"

मला हा आळस वाटला. एकदा मी हट्टाने जळगावहून दुसरी रिक्षा मागवली आणि भर दुपारी एक वाजता स्वतः तिच्यात बसलो. पहिल्याच गल्लीत पटापट दारं उघडली. बायका पिठाच्या हातांनी उंबऱ्यावर आल्या. एक म्हातारबाबा काठी टेकत अनवाणी रस्त्यापर्यंत आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले. कोणी नाही बाबा, घरात जा, असं मी सांगेपर्यंत ते खाली कोसळले होते. आम्ही त्यांना उचलून सावलीत नेलं, अंगावर पाणी ओतलं, दवाखान्यात पोचवलं. ते वाचले. मला मात्र इतकी लाज वाटली की दवाखान्यातून मी थेट आबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

आबा रागावले नाहीत. फक्त, उद्याचा इशारा कधी येतो एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब घरी जायच्या घाईत असताना फाटकात त्यांच्या गाडीपुढे आबांची रिक्षा आडवी उभी. हॉर्न वाजून वाजून थकला. शेवटी साहेब उतरले. आबा हात जोडून, पण जागचे न हलता म्हणाले, "सही व्हई जाऊ द्या साहेब, मंग सरकसू." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप कागद आणि पेन पुढे केलं. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर फाइल ठेवून सही झाली. त्यानंतर त्या उन्हाळ्यात एकही सही रेंगाळली नाही. आबा दिवेलागणीला एकदा आणि पहाटे बाया कामाला निघायच्या आत पुन्हा एकदा गाव फिरत.

गेल्या वर्षी माझी धुळे जिल्ह्यात बदली झाली. पहिल्याच इशाऱ्याला नवे साहेब म्हणाले, उद्या बघू. मी त्यांच्या टेबलासमोरून हललो नाही. साडेसहाला सही झाली. जागेवर येऊन मी आबांना फोन लावला आणि पराक्रम सांगितला. मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.

"मंग गावमा कोनी सांगं?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, ग्रुपवर टाकलंय.

मग आबा सावकाश म्हणाले, "मंग तुम्ही आजून बठेल कसाले शेतस, भाऊसाहेब?"

मी उठलो. या गावात भोंगा कोणाकडे असतो हे मला ठाऊक नव्हतं. अजून उजेड होता. विचारत निघालो.