सरोजिनीबाई आणि पतंगाचा कागद

माझा स्वभाव तापट आहे. आमच्या राहनाळ गावात कुणालाही विचारा, मनोजची बायको म्हटलं की लोक आधी आपला आवाज खाली करतात. पण भिवंडीतल्या सरोजिनीबाईंपुढे मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. माझ्या पोरीची, उन्नतीची, बालवाडी त्यांची, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर होता. म्हणूनच त्या दिवशी राग आला तो इतका आला.

बाई ब्राह्मण आळीतल्या. यजमान चिंतामणराव कारकुनी करून निवृत्त झालेले, मुलगा सुयश पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. घराच्या पुढच्या खोलीत बाईंची बालवाडी भरायची. मागच्या भिंतीला लागूनच लूम, कापडाचे माग, दिवसभर खडखडाट, त्यामुळे बालवाडीतली पोरं आपापल्या घरी येऊनही ओरडूनच बोलायची. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला सुयशने जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणून दिला. मग काय, बाईंना इंटरनेटवर खजिनाच सापडला. लहान मुलांच्या बोटांना वळण लावायचे कागद. ठिपके जोडा, रेघेवरून कापा, आकारात दाणे चिकटवा. प्रत्येक ऋतूचे वेगळे.

पण ते ऋतू परदेशातले. बर्फाचा माणूस, झाडाखाली पडलेली लाल पानं. आमच्या पोरांनी बर्फ बघितला तो मच्छीच्या पेटीतला. बाईंनी ते सगळे कागद बाजूला ठेवले आणि सुयशला फोनवर विचारून विचारून स्वतःचे बनवायला घेतले. पावसाळ्यात चिंबोरी, म्हणजे खेकडा, तिचे पाय ठिपक्यांचे. नवरात्रात भाताची लोंबी, तिच्यावर खरे दाणे चिकटवायचे. दिवाळीत कागद फाडून कंदील, संक्रांतीला पतंग. चिंबोरीला पाय किती, हे त्यांनी आमच्या सासूबाईंना, आक्कांना, विचारून घेतलं होतं. त्यावरून मी बाईंची किती चेष्टा केली. आता रस्सासुद्धा खाऊन बघा म्हटलं. बाई हसायच्या आणि म्हणायच्या, चिमटीत दाणा धरता आला की पेन्सिल आपोआप धरता येते, बघशील तू.

प्रत्येक मुलाच्या कागदांची फाइल होती. काय देखणी फाइल! कुठे रेघ हललेली नाही, कुठे गोंदाचा डाग नाही. आक्का तर आल्यागेल्याला चहाच्या आधी उन्नतीची फाइल दाखवायच्या. पोरगी चार वर्षांची, आणि हात बघा म्हणायच्या.

बाईंची पद्धत आपल्या सगळ्यांचीच. मुलाच्या मागे बसायचं, त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि गिरवायचं. दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी उन्नतीचा हात असाच धरला होता. बाईंना वेडीवाकडी रेघ बघवायची नाही. मूल कात्री घेऊन झटापट करायला लागलं की त्या म्हणायच्या, थांब हं, खराब होईल, आण इकडे. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

त्या वर्षी कल्याणच्या एका मोठ्या शाळेत उन्नतीची मुलाखत होती. आमच्या घरातलं कुणी इंग्रजी शाळेत गेलेलं नाही. सासरे गोडाऊनचे मालक झाले, तरी कागदावर सही करताना आजही त्यांना घाम फुटतो. उन्नती त्या शाळेत गेली पाहिजे, हे घरात सगळ्यांच्या मनाने घेतलं होतं. आक्का वज्रेश्वरीला नवस बोलून बसल्या होत्या. आणि आम्हाला काळजी कसली? फाइल होती ना.

तिथल्या मॅडमनी फाइल चाळली. मान डोलावली. मग उन्नतीसमोर एक कागद ठेवला, त्यावर पतंगाची ठिपक्यांची शेपटी. मनोजने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. पतंग तर आपला पाठच आहे. उन्नतीने पेन्सिल उचलली, अगदी बरोबर चिमटीत धरली, टोक पहिल्या ठिपक्यावर टेकवलं. आणि थांबली.

मॅडम म्हणाल्या, "बेटा, शुरू करो." उन्नतीने त्यांच्याकडे बघितलं आणि पेन्सिल धरलेला हात त्यांच्यापुढे केला. नुसता पुढे केला आणि वाट बघत बसली. मॅडमना कळेना. मला मात्र कळलं. माझी पोरगी त्या बाईने आपला हात धरावा म्हणून थांबली होती.

मॅडमनी कात्री दिली. तेच. कात्री धरून हात पुढे. मग त्यांनी ती देखणी फाइल बंद केली आणि शांतपणे विचारलं, "यह सब किसने किया है?" फसवायला आलेली माणसं, असंच त्यांना वाटलं असणार. वाटेल नाहीतर काय. पुढच्या वर्षी आणा, म्हणाल्या. त्या खोलीतून बाहेर येताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर रांगेतले आईबाप आमच्याकडे बघत होते आणि मी फाइल पदराखाली लपवली.

दुसऱ्या दिवशी तळपायाची आग मस्तकात घेऊन मी ब्राह्मण आळीत गेले. उन्नतीला काखोटीला मारलेलं. संक्रांत जवळ आलेली, खोलीच्या भिंतीवर सगळ्यांचे पतंग ओळीने लावलेले, एकसारखे. मी चपला काढायलाही थांबले नाही. फाइल बाईंच्या पुढ्यात आपटली आणि काय झालं ते सगळं पोरांसमोरच सांगितलं. आमचं नाक कापलंत म्हणाले. आमच्या घरात कागद बघून कळणारं कुणी नाही, म्हणून तुमच्यावर सोडलं होतं म्हणाले.

बाई आधी गोंधळल्या. मग म्हणाल्या, हात धरल्याशिवाय वळण कसं लागणार गं? तिला येतंच आहे सगळं, परक्या ठिकाणी बुजली असेल. त्यांनी नवा पतंग काढून उन्नतीपुढे ठेवला, कात्री तिच्या हातात दिली आणि लाडाने म्हणाल्या, काप बाळा, आईला दाखव.

उन्नतीने कात्री परत त्यांच्यापुढे धरली. ओरडूनच बोलली, लूमच्या वर आवाज काढायची सवय ती.

"तुमीच कापा बाई. माजा हात खराब हाय."

बाईंचा चेहरा खाडकन उतरला. तीस वर्षं शिकवलेली बाई, आणि त्यांना कुठे बघावं ते कळेना. भिंतीकडे बघितलं, तर तिथे सगळे त्यांचेच पतंग. मुलांकडे बघवेना. माझ्याकडे तर नाहीच नाही.

तेवढ्यात शाळा सुटायची वेळ झाली आणि इतर आया दारात जमायला लागल्या. मला वाटलं, आता बाई सावरून घेतील, मला आतल्या खोलीत नेतील. मीसुद्धा तेच केलं असतं. बाई उठल्या आणि भिंतीवरचे पतंग एकेक करून काढायला लागल्या. मानेपर्यंत लाल झाल्या होत्या. आयांना म्हणाल्या, हे मी कापलेत. तुमच्या घरी फायली आहेत ना, त्याही माझ्याच आहेत, मुलांच्या नाहीत. एक जण हसली, तिला थट्टा वाटली. एकीने मुलाचा हात घट्ट धरला आणि पायऱ्या उतरून गेली. माझा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि आपण हे भरल्या वर्गात काढलं याचीच लाज वाटायला लागली.

मग बाई गुडघे धरत उन्नतीसमोर खाली बसल्या.

"तुझा हात चांगला आहे गं," त्या म्हणाल्या. "चूक माझी झाली. मी चुकले."

उन्नतीने नीट विचार केला. बालवाडीत चुकणाऱ्याने काय करायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मग कान पकडा," ती म्हणाली.

मी तिला दटावायला पुढे झाले. बाईंनी नुसत्या नजरेने मला थांबवलं आणि दोन्ही हातांनी आपले कान पकडले. दारातल्या सगळ्या आयांसमोर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

उन्नतीने मग कात्री घेतली आणि पतंग कापायला लागली. पहिल्यांदा कागद दुमडला. मग एक कोपरा गेला. मग शेपटीच तुटून खाली पडली. बाईंचे हात सवयीने कात्रीकडे धावायला बघत होते, पण त्यांनी कान सोडले नाहीत. उन्नतीने अजून सोडा म्हटलं नव्हतं.