कंपाउंडरकाकांचा प्याला

ताटली आली की कंपाउंडरकाका ती हातात धरायचे, आतल्या चिमुकल्या प्याल्यांकडे डोळे बारीक करून बघायचे, सगळे सारखे भरलेत अशी खात्री झाली की मान हलवायचे आणि ताटली जशीच्या तशी माझ्याकडे सरकवायचे. स्वतः एकही प्याला उचलायचे नाहीत. नागपुरातल्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर, महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हे इतकी वर्षं पाहिलं की त्याचा मला अजूनही राग येतो.

तुमच्यापैकी ज्यांनी आमचं प्रभुभोजन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळी मंडळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेते. आमच्याकडे रस म्हणजे मनुकांचा. सीताबर्डीतून काळ्या मनुका आणायच्या, भिजवायच्या, उकळायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. हे काम कंपाउंडरकाकांचं. रस करणारे ते, प्याले धुणारे ते आणि न पिणारेही तेच.

मिशनच्या दवाखान्यात ते औषधं देत आणि मी नर्स होते. खिडकीतून बाटली देताना प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "हलवून घेजो, नाही तं औषध बुडाशी राहते." पाळकसाहेबांच्या प्रवचनालाही ते हेच लावायचे. "क्षमा करा, क्षमा करा म्हणतेत साहेब. हलवत काहून नाहीत? वरचं पाणी पाजून राहिले लोकाइले."

त्यांची एकुलती एक मुलगी शांता कुहीकडच्या एका खेड्यात दिली होती. जावई तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर, मोठा प्रार्थनेचा माणूस. शांता बाळंतपणात अडली. अंगणात बैलगाडी उभी होती, बैल दावणीला होते आणि जावई आत गुडघे टेकून बसला होता. डॉक्टरकडे नेणं म्हणजे देवावरचा अविश्वास, असं तो म्हणायचा. शेवटी शेजाऱ्यांनी गाडी जुंपली. दवाखान्याच्या दारात तिला उतरवून घ्यायला मी होते. औषधाच्या खिडकीतून काकांनी आधी बैल ओळखले, मग लुगड्याची किनार. आम्हाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळही गेलं होतं. जावई मागून आला आणि म्हणाला, "मामाजी, देवाची इच्छा."

पुढे त्याची नागपूरला बदली झाली, दुसरं लग्न झालं आणि मंडळीनं त्याला डीकन, म्हणजे देवळाचा सेवेकरी, केलं. प्रभुभोजनाची ताटली फिरवायची ती डीकननं. म्हणजे सासऱ्यानं केलेला रस घेऊन जावई यायचा आणि सासऱ्यापुढे धरायचा. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी बजावत, कुणाविषयी मनात अढी असेल तर या मेजाजवळ येऊ नका. सगळे मान खाली घालून ऐकायचे आणि मग खुशाल प्यायचे. ज्यांची सख्ख्या भावाशी कोर्टकचेरी चालू होती, तेसुद्धा. ते वाक्य खरं मानून बसलेला माणूस सबंध देवळात एकच होता.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, करून टाका ना क्षमा. किती दिवस धरून बसणार?"

"करतो वं पोरी. त्याले एकडाव म्हणू दे, मामाजी, गाडी जुंपाले पाहिजे होती. एवढंच. त्यानं मागितलीच नाही तं मी देऊ कोणाले?"

"आणि देवाची कृपा?"

"कृपा फुकट हाये, मले मालूम हाये. पण खोटं बोलून घेतली तं ते चोरी झाली."

मी जावयालाही गाठलं. तो गोड हसून म्हणाला, "सिस्टर, मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करून राहिलो." हा गृहस्थ पावसात सापडला तर छत्री बगलेत धरून प्रार्थना करील, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

त्याच्या दुसऱ्या बायकोचे दिवस भरले तेव्हाची गोष्ट. तिकडे कळा सुरू झाल्या आणि घरात उपासनेची गीतं सुरू झाली. शेजारीण घाबरून दवाखान्यात सांगायला आली. काका औषधाची खिडकी उघडी टाकून तसेच निघाले आणि सायकलरिक्षा घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. "उठा जवाईबापू. प्रार्थना रिक्षात बसून करा. तिथूनही वर आयकू जाते."

बाई सुखरूप सुटली, मुलगी झाली. जावई व्हरांड्यात काकांच्या पाया पडला. "देवानंच तुम्हाले पाठवलं, मामाजी." काका वाट बघत उभे राहिले. मीही थांबले, कारण बोलायची वेळ असेल तर हीच होती. पण जावयाला तेवढंच म्हणायचं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाला सगळं देऊळ माना वळवून शेवटच्या बाकाकडे बघत होतं. ताटली माझ्याकडे आली ती जशीच्या तशी. त्या दिवशी मी दोघांवरही जाम चिडले. एकाला आभाळातला देव दिसायचा, समोरचा म्हातारा दिसत नव्हता. दुसऱ्यानं मुलीच्या जागी आलेल्या बाईचा जीव वाचवला आणि स्वतः मात्र कोरड्या घशानं बसून राहिला. अशा माणसांचं करायचं काय, तुम्हीच सांगा.

नोकरी संपल्यावर काही वर्षांनी काका आमच्याच दवाखान्यात येऊन पडले. आजार पोटाचा होता आणि तो कोणता हे त्यांना आमच्याआधीच कळलं होतं. एका दुपारी पाळकसाहेब खाटेपाशी प्रभुभोजन घेऊन आले. सामानाची पेटी धरून मागे जावई.

"रस कोणं केला?" काकांनी विचारलं.

"मी, मामाजी."

"गाळला?"

"दोनदा गाळला."

काकांनी मान हलवली. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, तेवढ्यात जावई बोलायला लागला. "मामाजी, बैल दावणीले होते. मले खिडकीतून दिसून राहिले होते. जुंपाले पाहिजे होते मी. पण भेव वाटलं. लोक म्हणतीन, मास्तरचा विश्वास कच्चा निघाला."

इतकी वर्षं ज्याला आम्ही सगळे विश्वास म्हणत आलो, ते हे होतं. पाळकसाहेब पुस्तकात बघत राहिले.  काकांनी पेटीतला एक प्याला उचलला आणि त्याच्यापुढे केला. "घे. पहिले तू घे." तो प्यायला. रडण्यात निम्मा रस शर्टावर सांडला.

पाळकसाहेबांनी दुसरा प्याला काकांपुढे धरला. "उद्या घेतो," काका म्हणाले.

"आता काय राहिलं, काका?" माझा आवाज चढलाच.

"राग जाऊन राहिला वं पोरी. पण अजून पुरा गेला नाही. आज घेतला तं लबाडी होईन. झाकून ठेव. उद्यापर्यंत खराब होत नाही तो."

मी प्याल्यावर बशी झाकून तो खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले तर खाटेवरची चादर काढलेली होती. काका पहाटेच गेले होते. स्टुलावर बशीखाली प्याला भरलेलाच होता.

मला देवाचा राग आला. आजही येतो, आणि तो मी लपवत नाही. इतकी वर्षं थांबला होतास, एक सकाळ थांबायला काय झालं होतं? पाळकसाहेब म्हणाले, "देवाला त्यांचं मन ठाऊक आहे." असेल. पण ठाऊक होतं तर थांबायचं ना.

थोड्या वेळानं जावई आला. त्यानं बशी उचलून पाहिली. "घेतला नाही?"

"आज घेणार होते," मी म्हटलं.

तो प्याला घेऊन बाहेर गेला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसला. प्रार्थना करत असेल म्हणून मी जवळ जाऊन बघितलं. डोळे उघडे होते, ओठ हलत नव्हते. रस सांडू नये म्हणून प्याल्यावर तळहात झाकून तो नुसता बसला होता.