कानातला कापूस

वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा आई गोखिवऱ्याच्या एका कारखान्याच्या गाळ्यात कामाला लागली, आणि बारावीनंतर मीही. पॉवर प्रेसच्या दणदणाटात पत्रा दाबून स्टीलच्या डब्यांची झाकणं बनवायची. सकाळी कॉलेज, दुपारपासून गाळा. राहायला चाळीतली एक खोली. मला कीव नको, जे होतं ते सांगते. घरात ठरलेलं होतं: शेवटच्या वर्षाला नापास झाले तर शिक्षण बंद, मी पूर्ण दिवस प्रेसवर.

त्या शेवटच्या वर्षीच माझ्या कानात आवाज सुरू झाला. रातकिड्यासारखा, न थांबणारा. आईला सांगितलं तर तिने आधी दार लोटून घेतलं.

"कानात वारा शिरलाय. कुणाला बोलू नको गो. बहिरी म्हणून नाव पडलं तर स्थळ कोण आणेल?"

तिने खोबरेलात लसूण कढवला, तेल दोन्ही कानांत सोडलं, वर कापसाचे बोळे. मी केस कानांवर ओढून वेणी घालायला लागले.

कापूस घातला की आवाज वाढायचा. आई म्हणायची, औषध लागू पडतंय. मग मी बोळा आणखी आत दाबायचे. अभ्यासाला बसलं की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायची, अशी ती किरकिर. गाळ्यात मात्र मालकाला दिसू नये म्हणून बोळे काढून ठेवायचे, आणि तिथे कान कसा गप्प असायचा. मला वाटलं, आपलं नशीब प्रेसवरच आहे, कानालाही ते कळलंय.

वर्गात एकदा सरांनी हजेरीला मला दोनदा पुकारलं. मला पत्ता नाही.

"सर, राणीसाहेब कापूस घालून बसल्यात," मागची मुलगी म्हणाली. "आपलं ऐकायचंच नाही त्यांना."

वर्ग हसला. बोळे काढावेत तर तेल मानेवर ओघळेल, म्हणून तशीच बसून राहिले. लसणाचा वास बाकभर पसरलाय हे मला माहीत होतं.

पूर्वपरीक्षेत नापास झाले तेव्हा आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने बोळा काढला, मागोमाग लसणाचा काळा पडलेला तुकडा. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांनी हसू लपवलं.

"हे कुणी घातलं?"

"मी," आई म्हणाली. "लसूण काय विष आहे?"

मी जमिनीकडे पाहत होते. ही माझी आई नसती तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

काम काय करते ते विचारून डॉक्टरांनी माझ्या कानांवर तळवे घट्ट धरले. आतला आवाज मोठा झाला. तळवे काढले तसा पंखा, रांगेतली भांडणं, सगळं परत आलं.

"आता?"

"बारीक झाला."

"आवाज तेवढाच आहे. कान बुजवलेस की दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून तोच मोठा वाटतो. मशीनच्या दणक्याने कान दुखावतो, म्हणून तिथे कान झाकायचे, घरी मोकळे ठेवायचे. तू नेमकं उलटं केलंस. अगदी शांत जागी अभ्यासाला बसू नकोस."

"जाईल का हा?"

"सांगता येत नाही."

त्या दिवसापासून मी चाळीच्या नळापाशी पुस्तक घेऊन बसू लागले. बायका बघायच्या, कुजबुजायच्या. मी पुस्तकात तोंड घालायचे. शेवटी आईनेच हंडा खाली ठेवून सांगून टाकलं, "कान वाजतो तिचा. तुम्ही बोलत राहा, तिला बरं पडतं."

"आमच्या बडबडीने पास होणार म्हण की ही," एक मावशी म्हणाली. मला कुठे तोंड लपवू असं झालं, पण उठले नाही.

कान अजून वाजतो. मी बी.ए. पास झाले, सेकंड क्लासमध्ये. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं.