माझी साखरेची वाटी

राहीबाई माझी शेजारीण. दोघींच्या घरांत भिंत एकच, त्यामुळं तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं, आणि काहीच शिजत नसलं तर तेही कळायचं. बहात्तरच्या दुष्काळात हे दुसरंच जास्त कळायला लागलं.

बाई मात्र ताठ. माहेर सोनईकडचं, पाण्याच्या मुलखातलं, आणि दिली आमच्या खर्ड्याजवळच्या माळावर. पण कधी कुणापुढं हात पसरला नाही. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय उठू दिलं नाही. माझ्याकडून मीठ नेलं तर वाटी कधी रिकामी परत आली नाही, निदान चार चिंचा तरी असायच्याच त्यात. मला चिंच आवडत नाही, पण हे मी तिला कधी बोलले नाही.

त्या साली तिचा नवरा सहादेव राहुरीकडं ऊसतोडीला गेला तो गेलाच. चिठ्ठी नाही की निरोप नाही. घरात ही एकटी. आठवा महिना लागलेला, तरी रोज दोन कोस चालून दुष्काळी कामावर खडी फोडायला यायची. पोट आडवं येतं म्हणून एका कुशीला वळून बसायची आणि तशीच हातोडी मारायची. मी शेजारी बसून फोडायचे.

पौषात खर्ड्याला सभा झाली. तालुक्याचे पुढारी आले होते, त्यांना सगळे अध्यक्षसाहेब म्हणायचे. ते म्हणाले, "ज्यांना कामावर येता येत नाही, म्हातारे, आजारी, गरोदर बाया, त्यांना घरबसल्या धान्य मिळावं असा ठराव मी मांडलाय. समिती घरोघर येऊन परिस्थिती बघेल. एकही चूल विझू देणार नाही!"

माझ्या मागं एक म्हातारी पुटपुटली, "आदी पेटू तर द्या."

राहीबाईनं माझा हात घट्ट धरला. "आक्का, माझं नाव लागंल का गं? बाळातपणापत्तुर तरी?"

"न लागाया काय झालं? पोट काय पदराखाली लपतंय व्हय?"

समिती मंगळवारी येणार असं कळलं. आणि आम्ही काय केलं? घर सारवलं! मीच म्हणाले, "मोठी मानसं दारात यायची, अन् तू ह्या चिंध्यांत? आळीची अब्रू जाईल." माझं हिरवं इरकली लुगडं तिला नेसवलं. माझे लग्नातले पितळी डबे चिंचेनं घासून तिच्या फळीवर मांडले. आत वारा भरलेला. संक्रांतीसाठी ठेवलेली वाटीभर साखर दिली आणि शेळीचं होतं नव्हतं ते दूध चहात घातलं.

अध्यक्षसाहेब आणि तलाठी आले, घोंगडीवर बसले. राहीबाईनं दोन्ही हातांनी बश्या पुढं केल्या. पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नाही, ही तिची रीत.

"कसं काय चाललंय, बाई?"

"तुमच्या आशीर्वादानं बरं चाललंय, साहेब."

मी दाराआडून नुसती बघत राहिले. डबे वाजवून दाखवावेत एवढंही मला सुचलं नाही. तलाठ्यानं फळीकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं.

चावडीवर यादी वाचली. आप्पासाहेबाचं नाव पहिलं. सोळा एकरांचा धनी! जनावरं बहिणीच्या वस्तीवर धाडून त्यानं गोठा रिकामा दाखवला, पायाला हळदीचं फडकं बांधलं आणि बायकोचं चांगलं लुगडं स्वतःच्या हातानं फाडलं. हे तिनंच पाणवठ्यावर हसून हसून सांगितलं. राहीबाईच्या नावापुढं होतं, 'परिस्थिती समाधानकारक.'

ती अध्यक्षसाहेबांच्या जीपला आडवी गेली. "साहेब, ते समदं शेजारचं हुतं. घरात दाना न्हाई."

अध्यक्षसाहेब हसले. "बाई, तुमचा चहा अजून जिभेवर आहे. एवढी साखर तर आमच्या घरी पडत नाही!" जीपमधले सगळे हसले. आप्पासाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसला, पाय दुखत असूनही.

दुसऱ्या दिवशी ती खडीवर हजर. गहिनीनाथ मुकादम म्हणाला, "का गं, चहावाले? यादीत बसली न्हाईस? मंग बस हितं." नाव पडलं ते पडलंच. पाणी वाटणारी बाईसुद्धा विचारायची, "चहावाले, पानी देऊ का?"

नवव्या दिवशी दुपारी तिला कळा आल्या. खडीच्या ढिगामागं आम्ही लुगड्यांचा आडोसा धरला. मुलगा झाला. रडला नाही. मी त्याला उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं. नाहीच रडला. माझ्याच पदरात गुंडाळला. तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली. हजेरीपटावर त्यानं राहीबाईचा अर्धा दिवस लावला, दुपारनंतर तिनं काम केलं नाही म्हणून. नियम तो नियम.

महिन्यानं समिती फेरतपासणीला आली. या खेपेला मी शहाणी झाले होते. डबे आधीच घरी आणले होते. जमीन उखणलेली, चूल थंड. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती, उठली नाही. मीच पुढं होऊन सगळं सांगितलं.

तलाठ्यानं जुनी यादी चाळली. म्हणाला, "अहो, पण ह्या गरोदर म्हणून होत्या ना? आता मोकळ्या झाल्यात. आता काम करता येतंय त्यांना."

अध्यक्षसाहेबांनी मान हलवली. "खरंय. ठरावात तसंच आहे." जाताना दारात थांबून म्हणाले, "आज चहा नाही वाटतं?"



दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती माझ्या दारात थांबली. इरकली लुगडं धुऊन, घडी घालून आणलं होतं. वर माझी साखरेची वाटी. रिकामी नव्हती. कामावर मजुरांना खायला सुकडी मिळायची, तांबडी, भुशासारखी. त्या दिवशीची आपल्या वाट्याची सगळी सुकडी तिनं वाटीत भरून आणली होती.

"अगं, तू काय खाल्लंस?"

"वाटी तशीच कशी देऊ, आक्का?" म्हणाली आणि आपल्या घरात गेली.

मी वाटी घेऊन उंबऱ्यावर बसले. उठावं, भिंतीपलीकडं जावं, निम्मी तरी तिला द्यावी, असं मनात आलं.

उठले नाही. सगळी खाल्ली. मलाही भूक लागली होती.