नानांच्या फक्कीची रेघ

नाना तळगावकर माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलले, तो चक्क हुकूम होता. "ओ बाई, तेवढी कौलां वर द्या."

आठ वर्षं झाली त्याला. अंधेरीला आमच्या शाळेमागे, भातशेतीच्या कडेला काही झोपड्या होत्या. वाऱ्यानं त्यांतल्या एकीचं छप्पर उडालं होतं. शाळा सुटल्यावर मी इस्त्रीचं पातळ नेसून त्या वाटेनं घरी चालले होते. वर वाशांवर धोतर खोचून एक गृहस्थ बसले होते, आणि त्यांचा ऑफिसचा कोट खाली कुंपणाला टांगला होता. मी मागे वळून पाहिलं. दुसरी कोणी बाई नव्हती, म्हणजे हुकूम मलाच होता! माझा स्वभाव तसा तापटच. मी म्हटलं, "मी मास्तरीण आहे, बिगारी नव्हे."

वरून उत्तर आलं, "मग तर बराच झाला. मास्तरणीक मोजूक येता. धा-धा करून द्या."

दिवेलागणीपर्यंत मी कौलं देत राहिले. पातळाची पार वाट लागली. घरी आईनं फैलावर घेतलं ते वेगळंच. पुढच्या रविवारी मात्र मी जुनं लुगडं नेसून आपणहून तिथं हजर झाले. तेव्हापासून मी नानांच्या मंडळात आहे.

ज्यांची नानांशी ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाना मूळचे मालवणकडचे. गिरणीत सुताराच्या हाताखाली लागले आणि त्याच गिरणीच्या इमारत खात्यात ओव्हरसीअर झाले. आठवडाभर ते गिरणीच्या भिंती बघतात आणि रविवारी लोकांच्या. घर जळालेलं, खचलेलं, वाऱ्यानं उडालेलं कोणी कुटुंब आहे असं कानावर आलं, की नाना पिशवीत ओळंबा आणि थापी घालून निघालेच. घाटकोपरची टेकडी म्हणू नका, नाहूर म्हणू नका, माहुल म्हणू नका, सगळीकडे आम्ही त्यांच्या मागून गेलो आहोत. आमच्यात बँकेतले कारकून आहेत, एक कंपाउंडर आहेत, एक शिंपी आहेत, एक वकीलसाहेब आहेत. ते आमचे अध्यक्ष. आणि मी, शाळेत चित्रकला शिकवणारी. पाडलेल्या बंगल्यांचे वासे, जुन्या चाळींची कौलं, कोणाच्या अंगणात पडून राहिलेल्या विटा, जे मिळेल ते गोळा करायचं आणि उभं करायचं.

नानांची कामाची एक रीत आहे, आणि माझा हा सगळा लेख त्या रीतीपाशीच येऊन थांबणार आहे. घर नवं बांधायचं असो की मोडकं सावरायचं असो, नाना आधी मोजपट्टी काढत नाहीत. त्या घरच्या बाईला ते मोकळ्या जागेत उभं करतात आणि म्हणतात, "बाय, तुजी चूल खय? बस बघू थय." बाई लाजते, हसते, नवऱ्याकडे बघते आणि शेवटी पदर सावरून एके ठिकाणी बसते. मग नाना डब्यातली चुन्याची फक्की मुठीत घेतात आणि ती जशी बसली असेल तशी तिच्याभोवती पांढरी रेघ ओढतात. त्या रेघेवरून चूल ठरते, चुलीवरून दार, दारावरून भिंती. कागद सगळ्यात शेवटी. मी चित्रकलेची बाई, मला हे भारी अडाणीपणाचं वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवायची. नाना म्हणायचे, "बाई, कागदार कोण जेवता?"

नाना गोड बोलतात, पण मऊ नाहीत. माहुलला एका म्हातारीची भिंत आम्ही उभी केली. काम संपल्यावर तिनं तांब्याभर पाणी आणलं. आमच्यातले एकजण, नाव घेत नाही, "तहान नाही" म्हणाले. भर उन्हात चार तास माती कालवलेल्या माणसाला तहान नाही? नानांनी तांब्या घेतला, घटाघटा प्यायले आणि त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, "तेच्या हातचा पाणी चलत नसात तर तेच्या भिंतीकय हात लावू नको." ते गृहस्थ पाणी प्यायले. आज ते आमच्यातले सगळ्यात जुने सभासद आहेत आणि हा किस्सा तेच सगळ्यांना रंगवून सांगतात.

आता वर्सोव्याचं सांगते. त्या प्रसंगाबद्दल चार वर्षं सगळ्यांना एक चुकीची गोष्ट ठाऊक आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला नानांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहायचा अधिकार नाही.

खाडीकाठी कोळ्यांच्या आठ झोपड्या एका दुपारी जळाल्या. माणसं वाचली, बाकी सगळं गेलं. बायका-पोरं शिडाचं कापड ताणून वाळूत राहू लागली. मिरग दोन महिन्यांवर. त्याआधी आठ घरं उभी राहायला हवी होती, नाहीतर ती माणसं पावसात उघड्यावर. आमच्या मंडळानं एवढं मोठं काम कधी अंगावर घेतलं नव्हतं.

मी चार दिवस बसून नकाशा काढला. काय सुंदर काढला होता! आठही घरं एका ओळीत, सारखी, दारं रस्त्याकडे, पाठी खाडीकडे. खारा वारा आत येणार नाही, दारापुढे सलग अंगण. आणि खरं सांगते, वाळत्या मासळीचा वास मागच्या मागे राहील, असाही एक विचार माझ्या शाकाहारी डोक्यात होताच. वकीलसाहेब खूश झाले. ओळखीच्या एका बड्या पाहुण्यांना त्यांनी घरं ताब्यात देण्याच्या समारंभासाठी बोलावूनही टाकलं.

नाना नकाशा बघून म्हणाले, "बरो हा. पण फक्की?"

मी तडकले. म्हटलं, "नाना, आठ बायकांना आठ ठिकाणी बसवत बसलो तर मिरग येईल! सगळी घरं सारखीच तर आहेत."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "बरा. तुमी म्हणतास तसा."

घरं झाली. दिवसपाळी, रविवार, सुट्टी काही न बघता आम्ही ती उभी केली. मिरगाला बारा दिवस होते आणि समारंभ येत्या रविवारी. आणि एकही कुटुंब घरात जाईना. विचारलं की "उद्या जाऊ". उद्या विचारलं की पुन्हा "उद्या". वाळूत शिडाखाली चुली पेटत होत्या आणि आमची कोरी घरं रिकामी. मंडळात कुजबुज सुरू झाली, की फुकट मिळालं म्हणजे लोकांना किंमत नसते. सगळ्यात मोठ्यानं कोण बोलत होतं म्हणता? मीच!

शनिवारी नाना मला घेऊन हिराबायकडे गेले. हिराबाय ही त्या आठ घरांतली सगळ्यात वयस्क. नवरा नाही, दोन मुलगे होडी घेऊन समुद्रावर जातात. नाना म्हणाले, "हिराबाय, घरात चल. आणि एकदा चुलीपाशी बस बघू."

ती आली, बसली. तिच्यापुढे माझी सरळ, गुळगुळीत भिंत होती.

"घर बेस हाय रं नाना," ती म्हणाली. "पन मी नाय येवाची. इथं बसून माना होरी नाय दिसत. होरी दिसली का मी भात चढवतंय. पोरं काठाला लागतान तवर भात व्हतो. सुकत घातलेलं बोंबील बी चुलीवरशीच राखतंय. आता मी काय भिंतीला इचारू, माजी पोरं आली का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरीन, तू लय मेहनत केलीस. तुला कसा सांगाचा, म्हनून आमी गप्प रावलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिराबायला उठवून नाना स्वतः तिच्या जागी बसले आणि त्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग उठले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पहार खय हा?"

तेवढ्यात वकीलसाहेब आले. नाना नव्या भिंतीवर पहार घालताहेत हे बघून त्यांचा जीवच खालीवर झाला. "अहो नाना, उद्या पाहुणे येताहेत! समारंभ होऊ दे, मग बघू काय ते."

नाना हात न थांबवता म्हणाले, "साहेब, समारंभ पुढे ढकलूक येता. मिरग नाय."

वकीलसाहेबांनी विचारलं, चूक कोणाची? पाहुण्यांना काही कारण तर सांगायला हवं. मी तोंड उघडणार तोच नाना म्हणाले, "चूक माजी. फक्की मारूक इसारलंय मी."

आणि मी गप्प बसले. होय, गप्प बसले. घरी जाऊन रडले आणि ठरवलं, की आता मंडळाचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना आमच्या दारात. हातात फक्कीचा डबा. आईनं दिलेला चहा प्यायले, तिच्याशी आंब्यांच्या गप्पा मारल्या. जाताना डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आठ बायका बसान वाट बघतहत. माजे गुडघे दुकतत. रेघ तुमी मारा."

त्या दिवशी आठही बायकांभोवती मी रेघ ओढली. आठ बायका आठ वेगळ्या ठिकाणी बसल्या. एकीला होडी दिसायला हवी होती, एकीला पांगळी सासू, एकीला नुसता वारा हवा होता. नानांनी गिरणीतून उरलीसुरली सगळी रजा घेतली. खाडीकडच्या भिंतीत दारं पाडली, रस्त्याकडची बुजवली, चुली हलवल्या. समुद्रावरून परतलेले कोळी आपणहून पहारी घेऊन आले. मिरगाच्या दोन दिवस आधी शेवटची चौकट बसली.

हिराबाय आपल्या घरात गेली आणि चुलीपाशी बसली. आम्ही बाहेर उभे. बऱ्याच वेळानं ती जराशी पुढे वाकली, डोळे बारीक केले आणि मडक्यात तांदूळ ओतले. आम्ही सगळे वळून खाडीकडे बघायला लागलो. मला काही दिसेना. तिला दिसली होती.

"नाना, मास्तरीन, जेवून जावा," ती आतूनच म्हणाली. आभार वगैरे काही नाही. आणि मी, जन्मात मासळीला न शिवलेली, त्या दिवशी तिच्या हातचा नुसता भात मीठ लावून पोटभर जेवले.

तर मंडळी, वर्सोव्याची चूक नानांची नव्हती, माझी होती. चार वर्षं लोक ती नानांच्या नावावर सांगत आले आणि नाना मान डोलावत हसत आले. आज ती मी परत घेते.

आता या साठाव्या वर्षाबद्दल. नानांचं स्वतःचं घर म्हणजे अंधेरीतल्या दोन खोल्या. वर जुनी कौलं. दर पावसाळ्यात बाहेरच्या खोलीत गळतं आणि त्यांच्या पत्नी, आमच्या माई, तिथं घमेलं ठेवतात. माई म्हणतात, "गावाची घरां शाकारतत, आणि मी घमेला रिकामा करतंय!" षष्ट्यब्दीनिमित्त मंडळानं ठरवलं की हे छप्पर आपण करायचं. नाना ऐकतील तर शपथ. "माज्या डोक्यार छप्पर हा. ज्येच्या नाय तेचा बगा." वकीलसाहेबांनी समजावलं, मी भांडले, माईंनी अबोला धरून पाहिला. व्यर्थ.

शेवटी गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी हिराबाय आली. बरोबर दोन्ही मुलगे आणि वर्सोव्याचे आणखी चौघे, खांद्यावर वासे, आणि मागोमाग फक्कीचा डबा घेतलेली मी. नाना पेपर वाचत होते. ती सरळ आत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाना, तुजी बसाची जागा कनची?"

"कित्याक गो?"

"बस म्हनते ना! बस थय."

साठ वर्षांचे हे गृहस्थ, ज्यांनी शेकडो बायकांना असं बसवलं, ते गडबडून गेले. माईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, लाजले, हसले आणि शेवटी धोतर सावरून दारालगतच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. नेमकं तिथंच वर गळतं! इतकी वर्षं घमेलं सरकवून ते तिथंच बसत आले होते, कारण तिथून रस्ता दिसतो आणि दारात कोण गरजू आलं ते उठायच्या आधी कळतं.

हिराबायनं माझ्याकडे हात केला. मी डबा उघडून पुढे धरला. तिनं मूठभर फक्की घेतली आणि वाकून, सावकाश, नानांच्या भोवती रेघ ओढली.

माईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग आम्ही सगळेच हसायला लागलो, रडतारडता. संध्याकाळपर्यंत नवी कौलं चढली. मी खालून ती दहा-दहा मोजून देत होते.

त्या कोपऱ्यात आता गळत नाही. माई केर काढताना तेवढी जागा सोडून झाडतात, तरी रेघ थोडी पुसट झालीच आहे. नाना, परमेश्वराजवळ माझं मागणं एवढंच आहे, की ती रेघ पुन्हापुन्हा पुसली जावी, आम्ही ती पुन्हापुन्हा ओढावी आणि प्रत्येक वेळी तुम्ही धडधाकट, खुशाल, तिच्या आत बसलेले असावेत.