विमानातली जागा

औरंगपुऱ्यात माझे कपडे शिवणारे एक काका आहेत, मूळचे पिशोरचे. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं ते कधी बघत नाहीत, खांद्यांकडं बघतात. काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर 'नाय', आणि तेही मशीन न थांबवता.

त्यांच्या मुलीची हवाई दलात वैमानिक म्हणून निवड झाली, तेव्हाही ते 'नाय'च म्हणाले. घरात बापलेकीचं बोलणं बंद झालं. मग एकदा मी शर्ट आणायला गेलो, तर म्हणाले, "सर, छावणीतलं ते विमानांचं म्युझियम दाखवता का?"

रविवारी गेलो. तिथले फोटो त्यांनी बघितले नाहीत, पाट्या वाचल्या नाहीत. एका जुन्या लढाऊ विमानाला शिडी लावली होती आणि लोकांना आत बसू देत होते. काका चपला काढून वर चढले. गुडघे अडले, खांदे दोन्हीकडं घासले. तसेच अवघडून ते बराच वेळ बसून राहिले. खाली रांगेतले लोक कुरकुरायला लागले.

"काका, उतरा आता," मी म्हणालो.

"थांबा वो जरा."

त्यांनी खिशातून फोन काढून लेकीला लावला.

"व्हय, मीच बोलतोय. विमानात बसलोय. नाय गं, जुनं हाय, उडत नाय. ऐक, जागा लई आखूड हाय. मला नाय पुरत."

मग आवाज जरा खाली आला.

"तुला बरोबर बसंल. जा तू."